लहान मुलांना घेऊन वाळवंटात कसं जावं?

‘एवढ्याशा जिवाला उन्हात कशाला नेताय?’ लहान मुलांसोबत वाळवंटात जायचं ठरलं की घरातून हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर असं की मुलांना उन्हात न्यायचंच नाही. वाळवंट बघायचं ते सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. मधले सहा-सात तास सावलीत काढायचे. सगळी सहल या एका गोष्टीभोवती बेतली, तर चार-पाच वर्षांच्या मुलाला वाळवंटाइतकी आवडणारी जागा क्वचित सापडेल. दिवसाला चार ठिकाणं उरकायचा बेत असेल, तर मात्र मुलं थोडी मोठी होईपर्यंत थांबलेलं बरं.

मुलांना ऊन आपल्यापेक्षा लवकर का लागतं, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे गरम हवेत त्यांचं अंग लवकर तापतं. घाम मात्र मोठ्यांपेक्षा कमी येतो. खेळात रमलेलं मूल तहान लागली तरी सांगत नाही आणि तान्ह्या बाळाला तर सांगताच येत नाही. त्यात वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो. अंग कोरडं दिसतं, ‘घाम कुठे आलाय?’ म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि अंगातलं पाणी कमी होतच राहतं.

कधी आणि कोणत्या वयात

वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंटी. तो बारा महिने गरमच असतो असं नाही. थर, अरबस्तान आणि सहारा इथे मुलांना न्यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आफ्रिकेतली नामिब आणि कलहारी ही वाळवंटं दक्षिण गोलार्धात आहेत, त्यामुळे तिथला सुखाचा काळ मे ते ऑगस्ट. मंगोलिया-चीनमधल्या गोबीत हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली जातो, म्हणून तिथे उन्हाळ्यातच जायचं. मे-जूनमध्ये थर किंवा अरबी वाळवंटात खोल्या स्वस्त मिळतात. त्या मोहात लहान मुलं असलेल्या कुटुंबाने पडू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

वयाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला नेऊ नका. त्याला वरचं पाणी द्यायचं नसतं, सनस्क्रीनही लावायचं नसतं, म्हणजे संरक्षणाचे दोन मोठे उपाय हातातून गेलेले असतात. एक ते अडीच वर्षांच्या मुलांना नेता येतं, पण वाळू तोंडात जाण्यापासून रोखणं हे तुमचं दिवसभराचं काम होतं. चार वर्षांपुढे मजा सुरू होते. दमा, फिट येणं किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तारीख ठरवू नका.

राहण्याची जागा

पहिल्याच सहलीत सगळ्या रात्री तंबूत काढायचा हट्ट नको. वाळूच्या टेकड्यांपासून जवळ एखादी पक्की खोली घ्या आणि वाटल्यास त्यातली एक रात्र तंबूत राहा, तीही सहलीच्या शेवटाकडे. मुलांचं शरीर नव्या हवेला रुळायला वेळ घेतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस हलकेच ठेवायचे.

पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: जवळचं रुग्णालय गाडीने किती वेळावर आहे? रात्री गाडी आणि चालक तिथेच असतात का? दुपारी तंबूत थांबता येतं की तो तापतो? मोबाइलला रेंज आहे का, नसेल तर संपर्काची दुसरी सोय काय? त्यांच्या गाडीत मुलाची आसनव्यवस्था आणि चालणारे पट्टे आहेत का? रुग्णालयाच्या प्रश्नाला ‘इथे कधी काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरी जागा शोधा. मी स्वतः तासाभराच्या पलीकडे रुग्णालय असलेली जागा लहान मुलांसाठी घेत नाही.

तंबू कोरड्या नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रात नाही ना, हेही विचारून घ्या. सपाट, वारा अडलेली जागा म्हणून अशी पात्रं सोयीची वाटतात. पण वाळवंटातला पाऊस दूर कुठेतरी डोंगरात पडतो आणि वर निरभ्र आकाश असताना इथे पाण्याचा लोंढा येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळच्या दरीत असाच पूर आला. त्यात वीसहून अधिक जीव गेले आणि त्यांत शाळेच्या सहलीला आलेली मुलं होती. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी दऱ्या आणि कोरडी पात्रं पूर्ण वर्ज्य.

सामान

कपड्यांत लोकांची एक गफलत होते: उन्हाचे कपडे भरतात आणि थंडीचे विसरतात. कोरड्या हवेत, निरभ्र आकाशाखाली जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते; दिवस-रात्रीत १५ ते २० अंशांचा फरक अगदी नेहमीचा. दिवसासाठी सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मानेवर सावली धरणारी टोपी घ्या. रात्रीसाठी स्वेटर, कानटोपी, पायमोजे. बूट बंद हवेत. उघड्या चपलांत वाळू पायाला भाजते आणि काटेही शिरतात.

औषधांच्या पिशवीत जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, भरपूर पाकिटं, मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून घेतलेलं पॅरासिटामॉल, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, ओठांना आणि नाकपुड्यांच्या कडेला लावायला पेट्रोलियम जेली, डोळे धुवायला सलाइन, काटे काढायला चिमटा. दम्याचा पंप असेल तर तो सामानात बांधू नका, अंगाजवळ ठेवा. कोरड्या हवेने बऱ्याच मुलांचा घोळणा फुटतो. घाबरू नका, मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. मान मागे टाकायची नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं, बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी परत. वाळूवरूनही अतिनील किरण परावर्तित होतात, म्हणून हनुवटीखाली, कानामागे आणि नाकाच्या खालच्या बाजूला लावायला विसरू नका. टोपीची सावली तिथे उपयोगी पडत नाही.

शिवाय प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी. तिचा उपयोग पुढे सांगते.

पाणी

माणशी दिवसाला चार लिटर असा हिशेब धरा आणि त्यावर एक दिवसाचं पाणी जास्तीचं ठेवा. मूल एवढं पिणार नाही, पण हात धुणं, सांडणं, डोळ्यांत गेलेली वाळू धुणं यातच बरंच संपतं. सगळं पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. तो फुटला की सगळंच गेलं. चार-पाच भांड्यांत विभागून ठेवा.

मुलाला ‘तहान लागली का?’ असं विचारत बसू नका. बाहेर असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून सगळ्यांनी दोन-चार घोट प्यायचे, असा नियमच करा. मोठे प्यायले की मुलंही पितात. अंगावर पिणाऱ्या बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावं लागतं, आणि त्यासाठी आईने भरपूर पाणी प्यायला हवं. वरचं दूध घेणाऱ्या बाळासाठी दूध आधी कालवून ठेवू नका, उष्णतेत ते पटकन नासतं. मोजलेली पावडर वेगळी, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, आणि भूक लागेल तेव्हा ताजं तयार करा.

पाणी पुरतंय की नाही हे लघवी सांगते. फिकी आणि नेहमीइतक्या वेळा होत असेल तर ठीक. गडद पिवळी झाली किंवा सहा तासांत डायपर ओला झाला नाही, तर तिथून पुढचा कार्यक्रम रद्द.

गाडीत

दोन मिनिटांसाठीसुद्धा मुलाला बंद गाडीत ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान वीस मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकतं आणि काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. गाडीची किल्ली मुलांच्या हाती देऊ नका. गाडी लावल्यावर दारं कुलूपबंद करा, कारण लपाछपी खेळताना मुलं आत शिरतात.

उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत मुलाला बसवण्याआधी पट्ट्याची धातूची कडी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. ती मांडीला चांगला चटका देण्याइतकी तापलेली असते. उतरताना आसनावर फिक्या रंगाचं जाड कापड टाकून ठेवलं की हा प्रश्न सुटतो.

रस्त्यात गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत मदत शोधायला निघू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, आणि सावली व पाणी तिच्याजवळच असतं. निघण्याआधी मागे राहिलेल्या कोणाला तरी रस्ता आणि पोहोचण्याची वेळ सांगून ठेवा. नकाशा फोनवर उतरवून घ्या, इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

वाळूचं वादळ समोरून येताना दिसलं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला जा, गाडी थांबवा, काचा लावा आणि दिवे बंद करा. दिवे चालू असले तर मागचा चालक तुम्ही पुढे जात आहात असं समजून येऊन आदळू शकतो. मुलांच्या नाकातोंडावर ओलसर फडकं धरा.

दिवस कसा घालवायचा

उजाडण्याआधी उठायचं. मुलं कुरकुरतील, पण रात्री लवकर झोपवली असतील तर उठतात. सूर्योदयापासून साधारण साडेनऊपर्यंतचा वेळ तुमचा. दहा ते चार घरात: जेवण, मोठी झोप, अंगावर पाणी घेणं, चित्रं, पत्ते, गोष्टी. या वेळेत काही ‘बघायचं’ नाही. प्रवासाचा एवढा खर्च करून दुपारभर खोलीत बसायचं, हे मोठ्यांना जड जातं, मुलांना अजिबात जात नाही. चारनंतर परत बाहेर, अंधार पडेपर्यंत.

पहाटेची पहिली गोष्ट करायची ती म्हणजे वाळूवरच्या खुणा वाचणं. रात्रीच्या वाऱ्याने वाळू पुसून कोरी झालेली असते आणि रात्री कोण कोण फिरलं ते तिच्यावर उमटलेलं असतं. भुंगेऱ्याची वाट म्हणजे शिवणयंत्राने घातलेल्या टाक्यांसारख्या बारीक ठिपक्यांच्या ओळी. पालीसरड्यांच्या पावलांच्या मधोमध शेपटीची रेघ असते. कोल्ह्याची पावलं जवळजवळ एका सरळ रेषेत पडतात. मुलांना एक माग धरून जायला सांगा: तो कुठे थांबला, कुठे वळला, कोणत्या बिळात शिरला. बिळापाशी पोहोचल्यावर हात आत घालायचा नाही, एवढा एकच नियम. सूर्य तिरपा असेपर्यंत खुणांच्या सावल्या पडतात म्हणून त्या स्पष्ट दिसतात. ऊन वर आलं की त्या जवळजवळ दिसेनाशा होतात. मला विचाराल तर अख्ख्या सहलीतला हा सर्वांत मोलाचा तास आहे, आणि त्याला काहीही पैसे पडत नाहीत.

टेकडीवर चढताना वाऱ्याकडची बाजू धरा. ती सौम्य उताराची आणि घट्ट असते. दुसरी बाजू ३० ते ३४ अंशांची, भुसभुशीत. तिच्यावरून धावत, घसरत खाली यायचं. त्याआधी एका मोठ्या माणसाने खाली जाऊन काटेरी झुडूप, दगड किंवा गाड्यांची वाट नाही ना, हे बघून यायचं. खड्डे खणू द्या, पण मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नाही, आणि बोगदे तर मुळीच नाहीत. कोरडी वाळू क्षणात ढासळते आणि तिच्याखाली गेलेल्या मुलाला बाहेर काढणं फार अवघड असतं.

अनवाणी खेळू द्यायचं का, हे हाताची पालथी बाजू वाळूवर ठेवून ठरवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर बूट. उन्हाळ्यात भर दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो.

डोळ्यात वाळू गेली की मूल डोळा चोळायला लागतं. हात धरा, डोकं एका बाजूला कलतं करा आणि स्वच्छ पाण्याची किंवा सलाइनची बारीक धार आतल्या कोपऱ्याकडून बाहेर सोडा. फुंकर मारू नका.

उंट आणि गाड्या

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, तेव्हा स्वार पुढे फेकला जातो. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. म्हणून दोन्ही वेळा मागे रेलून खोगीर घट्ट धरायचं, हे मुलाला जमिनीवर असतानाच करून दाखवा. लहान मूल एकटं बसवायचं नाही, मोठ्याच्या पुढ्यात बसवायचं, आणि उंट चालकाने हातात धरलेला हवा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. बाळाला छातीशी बांधून उंटावर बसू नका. मुलांना सांगण्यासारखं एक: वशिंडात पाणी नसतं, चरबी असते. तहानलेला उंट मात्र काही मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो.

वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उधळवण्याचा खेळ लहान मुलांसाठी नाही. मानेला बसणारे हिसके त्यांना सोसत नाहीत, आणि गर्भवती बाईनेही त्यात बसू नये. चारचाकी मोटारबाइक तर सोळा वर्षांखालच्या कोणालाच नको.

रात्र

थंडीत तंबूत कोळशाची शेगडी किंवा कोणतीही आग ठेवायची नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेली माणसं जागी होत नाहीत. कोणी प्रेमाने शेगडी आणून दिली तरी बाहेर ठेवा. जास्तीची पांघरुणं मागा.

विंचू रात्री बाहेर पडतात. अंथरूण जमिनीपासून वर असावं, निजण्याआधी झटकावं. बूट सकाळी उलटे करून आपटून मगच घालायचे. मुलांच्या हाताला ही सवय पहिल्या दिवशीच लावा. अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट चमकतो, म्हणून झोपण्याआधी तंबूचे कोपरे त्या प्रकाशात बघून घ्यावेत. रात्री शू लागली तर मूल एकटं जाणार नाही, आणि अनवाणी तर कोणीच जाणार नाही.

सहलीच्या तारखा अमावस्येच्या आसपास धरल्या तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिवे विझवून वीस मिनिटं थांबा, डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतो. हिवाळ्यात मृग, त्याच्या खाली व्याध आणि वर कृत्तिकांचा पुंजका मुलांना सहज सापडतो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री तिथे असाल तर मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव चुकवू नका.

काही झालंच तर

तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेले, बाळाची टाळू आत गेलेली, मूल मलूल: ही पाणी कमी झाल्याची लक्षणं. सावलीत आणा आणि जलसंजीवनी चमच्याचमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी द्या. पाकिटावर लिहिलेल्या मापातच पाणी घ्यायचं, आणि तयार केलेलं चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलट्या थांबत नसतील किंवा मूल पीतच नसेल तर रुग्णालय.

उष्माघात ही वेगळी, जिवावरची गोष्ट आहे. अंग तापून ४० अंश किंवा वर, मूल बरळतंय, ओळखत नाही, झटके येताहेत किंवा बेशुद्ध आहे: इथे मदत बोलवा आणि ती येईपर्यंत अंग गार करत राहा. कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ दवडू नका.

विंचू किंवा साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. चावलेला भाग न हलवता मुलाला उचलून थेट रुग्णालयात न्या. मूल जितकं लहान, तितका विंचवाच्या विषाचा धोका मोठा. भारतातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याची उपचारपद्धती डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुजवली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण उपचार वेळेत मिळायचे तर पहिल्या तासात डॉक्टर गाठायला हवा.

आता शिट्टी. टेकड्यांमध्ये मूल पन्नास पावलांवरही दिसेनासं होतं आणि वाऱ्यात हाक पोहोचत नाही. ‘आई-बाबा दिसले नाहीत तर चालायचं नाही, जवळच्या सावलीत बसायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची,’ हे मुलाकडून खेळ म्हणून दोन-तीनदा करून घ्या. कपडे फिके असले तरी टोपी भडक रंगाची घाला. वाळूच्या रंगाचा सदरा कितीही छान दिसला तरी घरीच ठेवा.

परतल्यावर

मुलाच्या आसनाच्या पट्ट्याच्या कडीत वाळू अडकून ती नीट बसत नाही. घरी आल्यावर ती झटकून, पुसून, ‘टक्’ आवाज येतो का ते तपासा आणि मगच पुढचा प्रवास करा. परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत मुलाला ताप, पुरळ किंवा न थांबणारा खोकला झाला, तर डॉक्टरांना कुठे गेला होतात, कुठे राहिलात आणि मूल कोणत्या प्राण्यांच्या जवळ गेलं होतं, हे न विचारता सांगा.